फोटो हलला की फोकस चुकला?

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्याशा स्क्रीनवर सगळेच फोटो एकदम कडक दिसतात, खरं काय ते कॉम्प्युटरवर उघडल्यावर कळतं. आणि मग पहिला विचार काय येतो, तर लेन्स बदलायला पाहिजे! अहो थांबा जरा. फोटो ब्लर का आला ते त्या फोटोतच दिसतं, फक्त १०० टक्के झूम करून नीट बघायचं.

समजा कुणाचातरी पोर्ट्रेट आहे. आधी डोळ्यावर झूम करा. पापण्या मऊमऊ दिसतायत पण कान किंवा कॉलरची शिवण मात्र धागा न् धागा दिसतेय, तर फोकस चुकलाय, बाकी काही नाही. आता फोटोत कुठेतरी लाइटचा चमकता ठिपका शोधा, त्या ठिपक्याची रेघ झाली असेल आणि फोटोतल्या सगळ्याच गोष्टी त्याच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील तर तुमचा हात हललाय. आणि मागची भिंत, खुर्ची सगळं शार्प आहे पण माणसाचा हात किंवा चेहराच फरफटलाय, तर मग माणूस हललाय. तिन्हीला आपण सरसकट 'फोटो हलला' म्हणतो पण उपाय तिन्हीचे वेगळे आहेत.

हात हलण्यासाठी जुना नियम आहे, शटर स्पीड (शटर किती सेकंद उघडं राहतं ते) १ भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा एमएमचा आकडा). म्हणजे ५० एमएम लेन्सला निदान १/५०, पण तुमचा कॅमेरा १.५ क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे छोट्या सेन्सरचा असेल तर ५० चे ७५ धरा, म्हणजे १/८०. हल्लीच्या जास्त मेगापिक्सेलवाल्या कॅमेऱ्यात झूम करून बघणार असाल तर मी म्हणेन याच्या दुप्पट वेग ठेवा. लेन्सवर व्हीआर, आयएस, ओएसएस असं काहीतरी लिहिलेलं असेल, म्हणजे हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन असेल, तर शटर स्पीड बराच कमी ठेवता येतो, पण ते फक्त तुमच्या हातासाठी हं, समोरचं पोरगं पळत असेल तर स्टॅबिलायझेशन काय करणार! तिथे शटरच वाढवायला लागतो. नुसतं बसून बोलणाऱ्या माणसाला साधारण १/१२५, धावणाऱ्या मुलांना १/५००, उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास.

आता इथे गाडी अडते, कारण घरात संध्याकाळी १/५०० ठेवायचा तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० नाहीतर ६४०० वर जातो आणि लोकांना आयएसओची उगाच भीती. फोटोत खरखरीत दाणे येतील म्हणे. येऊ द्या की! दाणे मुळात प्रकाश कमी पडल्यामुळे येतात, ४०० आयएसओवर काळपट फोटो काढून नंतर सॉफ्टवेअरमध्ये उजळवलात तरी ते येणारच, उलट बऱ्याचदा जास्तच. आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढलेल्या फोटोतले दाणे आजकालची डीनॉइज सॉफ्टवेअर्स बऱ्यापैकी साफ करतात. हललेला चेहरा मात्र असा सहज सरळ होत नाही. त्यामुळे माझं साधं गणित, दाणे चालतील, हललेला नाही चालणार.

यासाठी मेनूत जाऊन ऑटो आयएसओ चालू करा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तिथेच किमान शटर स्पीड विचारतात, तो १/१२५ टाका, आयएसओची कमाल मर्यादा ६४०० ठेवा आणि मग अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) बिनधास्त फिरा. फक्त अंधार फारच असेल आणि आयएसओ त्या मर्यादेला टेकला तर कॅमेरा शटर आणखी खाली आणतो, तेवढं लक्ष ठेवा. किमान शटरचा ऑप्शन नसेल तर मॅन्युअल मोडवर शटर आणि अ‍ॅपर्चर स्वतः ठरवा, आयएसओ तेवढा ऑटोवर राहू दे. लोकांना वाटतं मॅन्युअल म्हणजे सगळं हातानेच करायला पाहिजे, तसं काही नाही.

फोकस चुकण्याचं कारण बहुतेक वेळा एफ १.८ चा, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडण्याचा मोह. ५० एमएमने एक मीटरवरून एफ १.८ वर काढलात तर शार्प भाग जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा असतो, तेवढ्यात अर्धं बटण दाबून फोकस केल्यावर समोरचा हसून जरा पुढे झुकला किंवा तुम्हीच डोललात की डोळ्याऐवजी कानाची पाळी शार्प. एफ २.८ वर या, बॅकग्राउंड तरीही छान ब्लर होतं. कॅमेऱ्यात आय डिटेक्शन (डोळा आपोआप ओळखणं) असेल तर कंटिन्युअस फोकससोबत (फोकस सतत जुळवत राहणारा मोड) वापरा, नसेल तर एकच फोकस पॉइंट निवडून तो जवळच्या डोळ्यावर आणा. कॅमेऱ्याला सगळे पॉइंट देऊन टाकले की तो बरेचदा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, मग ती नाक असो नाहीतर पुढे केलेला चहाचा कप.

आणि एक छोटी युक्ती, शटर अगदीच कमी ठेवावा लागला तर कोपरं पोटाशी घट्ट धरून बर्स्टमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ, तीन-चार फ्रेम सोडा. बटण दाबताना आणि सोडताना हात थोडा हलतोच, त्यामुळे मधली फ्रेम बरेचदा जास्त शार्प निघते, बाकीच्या त्याच दिवशी उडवा नाहीतर हार्ड डिस्क भरत राहते.