गाडी थांबवणारी माणसं

आषाढ, सोमवार, रात्र

पाऊस सकाळपासून धरून आहे. या दिवसांत कोकणातल्या पेपरांत एक बातमी हटकून येते: बुडणाऱ्याला वाचवायला समुद्रात उडी घेतलेल्या तरुणाची. तो परत आला तर ग्रामसभेत शाल-श्रीफळ, नाही आला तर तिठ्यावर फ्लेक्स. त्याच्या धाडसाबद्दल मनात जराही किंतु नाही. पण शूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त उडी घेणारा येतो, हे खटकतं. या किनारपट्टीवर पावसाळ्यात दुसऱ्या जातीचं शौर्यही लागतं. ते थांबण्याचं आणि थांबवण्याचं असतं. ते फोटोत दिसत नाही, आणि शिकल्याशिवाय येत नाही.

रेल्वेचा पेट्रोलमन, म्हणजे रुळावर गस्त घालणारा माणूस घ्या. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग, बहुतेक ठिकाणी एकेरी, सह्याद्रीचे सोंडे कापून काढलेला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि कारवारहून मुंबईकडे निघालेली विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. वर्षही उलटलं नव्हतं तोच, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसही रुळावर आलेल्या दगडांनीच घसरली. पुढे डोंगराला जाळ्या बसल्या, कटिंगचे, म्हणजे रुळासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंतींचे, उतार कमी केले, जोराच्या पावसात पुढचं नीट दिसत नसेल तर गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही असा नियम झाला. तरीही रात्री हातात बत्ती घेऊन रुळावरून चालणारा माणूस लागतोच.

तो नुसता चालत नसतो, वाचत चालतो. रोजच्या झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, किंवा काल कोरड्या असलेल्या भिंतीतून पाणी फुटलं, की तिथे पाय थांबला पाहिजे. खडीवर ताजी तांबडी माती आणि सुपारीएवढे चार दगड दिसले तर वर काहीतरी सुटलेलं आहे. एखादं झाड कालच्यापेक्षा रुळाकडे कललं असेल तरी तेच. सगळ्यात फसवी खूण म्हणजे धो धो पावसात कटिंगच्या माथ्यावरचं गटार कोरडं असणं. नवख्याला वाटतं, बरं झालं. खरं तर पाणी गटार सोडून भेगेत शिरलेलं असतं आणि आतली माती फुगत असते.

आता समजा दरड आलेलीच आहे. दगड लहान, दोघांनी ढकलला तर हलेल असा. इथेच भलेभले चुकतात: हात दगडाकडे जातो. पेट्रोलमनला पहिला धडा हाच असतो की आधी गाडी अडवायची, दगडाचं नंतर बघू. जिकडून गाडी आधी येणार तिकडे पळायचं. त्यासाठी गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ लागतात. दुसऱ्या बाजूला लाल बत्ती दिसेल अशी ठेवून जायची. अडथळ्यापासून ६०० मीटरवर रुळाच्या माथ्यावर एक फटाका, म्हणजे चाकाखाली फुटणारी रेल्वेची बाराची डबी, बसवायचा, त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या रुळाला घट्ट वळवायच्या. तसंच पुढे १२०० मीटरपर्यंत जायचं आणि तिथे दहा-दहा मीटरवर तीन फटाके. मग त्यांच्यापासून ४५ मीटर लांब उभं राहून लाल बत्ती दाखवत राहायचं. चाक वरून गेलं की बार होतो, आणि पावसात बत्ती दिसली नाही तरी तो बार इंजिनात ऐकू जातो. पळता पळता मध्येच गाडी दिसली, तर असाल तिथेच फटाका लावायचा आणि बत्ती हलवत सुटायचं. एका बाजूचं झालं की परत येऊन दुसरी बाजू.

सव्वा किलोमीटर म्हणजे काही फार नाही, असं घरात बसून वाटतं. ओल्या खडीत, रात्री, गमबूट घालून, स्लीपरच्या आखूड अंतरावर पाय टाकत पळताना ते फार असतं. आणि इतकं लांब जायचं ते भरधाव गाडीला थांबायला किलोमीटरभर जागा लागू शकते म्हणून. ३०० मीटरवर उभं राहून जिवाच्या आकांताने बत्ती हलवणारा धाडसी खराच, पण गाडी त्याला ओलांडून दरडीत जाईल. माझ्या लेखी शौर्य त्या उरलेल्या ९०० मीटरमध्ये आहे.

रुळाकाठच्या गावांनी एक लक्षात ठेवावं. लाल बत्ती नसली तरी कुठल्याही रंगाचा दिवा जोरजोराने हलवला, तर ड्रायव्हरसाठी त्याचा अर्थ थांब असाच आहे. दिवसा दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे केले तरी तेच.

रस्त्यावरही हाच प्रकार. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी आणि आणखी वाहनं. पुलालगतच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने रस्त्यावर येऊन मागच्या गाड्या अडवल्याचं तेव्हा छापून आलं होतं. तो नदीत उतरला नाही. त्या पाण्यात उतरून कुणाचंच भलं झालं नसतं. गाडी अडवायची तर तुटलेल्या जागेजवळ उभं राहून उपयोग नाही, वळणाच्या अलीकडे जायचं, रस्त्याच्या कडेला राहायचं, आणि हाताशी वाहन असेल तर इंडिकेटर चालू करून आडवं लावायचं. मग लगेच पलीकडच्या काठावर फोन. तिकडूनही गाड्या येतच असतात, आणि नेमकं हेच राहून जातं.

रणांगणावरचं शौर्य वेगळं, असं कुणी म्हणेल. मला कारवारकडच्या चेंडिये गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे आठवतात, परमवीर चक्राचे मानकरी. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ता करून देणाऱ्या तुकडीचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्यांना वाट हवी होती आणि वाटेत सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, वरून गोळीबार. ८ एप्रिलला उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांची माणसं पडली, ते स्वतःही जखमी झाले, तरी काम सोडलं नाही. ते रणगाड्याखाली सरपटत गेले आणि चालकाला दोऱ्यांनी खुणा करत राहिले: एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. एक सुरुंग काढायचा, पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं. ११ तारखेपर्यंत हेच चाललं होतं. शत्रूवर धावून जाण्याचा त्यात भाग नाही. भीतीत असतानाही बोटं घाई न करता चालवायची, याला जी छाती लागते ती मला फार मोठी वाटते.

किनाऱ्यावर तर उडीचा मोह जबरदस्त. गुहागर असो की गणपतीपुळे, पावसाळी पाण्याला ओढ असते. जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत, गढूळ दिसतं, पर्यटक नेमके तिथे उतरतात. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत जात असतं. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे हात मारले की तो दमतो. अंग सैल सोडून तरंगायचं आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर पडायचं, हा मार्ग. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात बाजूला पाणी दाबत असलेले. लांबून खेळतोय असंच वाटतं.

अशा वेळी काठावर ‘अरे, कुणीतरी उडी घ्या रे!’ असा ओरडा होतो. तिथे एकाने ठामपणे म्हणायला हवं, कुणी उतरू नका. बापाला, भावाला कमरेला मिठी मारून धरावं लागतं, शिव्या खाव्या लागतात. बुडणारा समोर येईल त्याच्या खांद्यावर चढतो, त्यात त्याचा दोष नाही, आणि पोहणारा वाचवणाराही खाली जातो. हाताला हात धरून केलेली साखळी वाळूतल्या खड्ड्यात एकाचा पाय गेला की तुटते. त्याऐवजी एकाने फक्त बोट दाखवत उभं राहायचं, बुडणाऱ्यावरची नजर काढायची नाही, कारण लाटांत डोकं एकदा हरवलं की सापडत नाही. दुसऱ्याने ११२ ला फोन. तिसऱ्याने वीस लिटरचा पाण्याचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून, वीस-पंचवीस मीटर दोर बांधून फेकायचा. कॅनमध्ये तांब्याभर पाणी ठेवायचं, अगदी रिकामा वाऱ्यावर उडतो. फेक त्याच्या डोक्यापलीकडे हवी, म्हणजे ओढताना दोर हाताशी येतो. ओढणाऱ्याने बसून, टाचा वाळूत रोवून ओढायचं. मच्छीमारांच्या जाळ्याचे मोठे बोये असतील तर त्याहून चांगलं.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरणं, गरगर फिरवणं हे अजूनही चालतं. त्यात मिनिटं जातात आणि पोटातलं उलटून श्वासनळीत जातं. श्वास चालत नसेल तर पाठीवर निजवून आधी तोंडाने श्वास, मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३०. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. दाबणारा दोन मिनिटांत थकतो, माणूस बदलत राहायचं, १०८ ची गाडी येईपर्यंत.

आत्ता पलीकडच्या वाडीत वीज नाही, म्हणून वायरमनचंही लिहितो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत खांब काड्यांसारखे मोडले आणि महिन्याच्या वर अंधारात राहिलेली गावं होती. तेव्हा खांबावर चढलेल्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण चढण्याआधी जो खाली थांबतो, त्याच्या वाट्याला फक्त बोलणी येतात. सबस्टेशनचं परमिट, म्हणजे लाइन बंद करून दिलेली कामाची परवानगी, मिळेपर्यंत तो शिडीला हात लावत नाही. एबी स्विच, म्हणजे लाइन तोडणारा खांबावरचा स्विच, उघडून कुलूप लावतो, लाइन मेलेली आहे का तपासतो, मग तार जमिनीशी जोडणारा डिस्चार्ज रॉड लावतो: आधी जमिनीकडचं टोक, नंतर तारेकडचं. क्रम उलटला तर तारेत काही असेल ते त्याच्या हातातून जाईल. एवढं करून तो काम सुरू करतो तेव्हा लोकांचे दहा फोन येऊन गेलेले असतात.

आणि एवढी काळजी घेऊनही त्याला मारू शकेल असं एक कारण आपल्या घरात असतं. कुणी जनरेटर थेट वायरिंगला जोडला की वीज उलटी डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, जाते आणि तारेवर ११ हजार व्होल्ट होऊन निघते. खांबावरच्या माणसाला कळायचा मार्ग नसतो. जनरेटर लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, आणि घरात चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, नसेल तर लाइन येईपर्यंत कंदिलावर भागवायचं.