गरम झाली की बंद पडणारी येझदी

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याला १९९६ मध्ये टाळे लागले, त्यामुळे तिथेच बनलेल्या वडिलांच्या येझदी मोटरसायकलचे सुटे भाग शोधताना दुकानांपेक्षा आधी माणसांचाच पत्ता काढावा लागतो, हे मला गेल्या दोन वर्षांत पुरते कळले आहे. आज सकाळी सोमेश्वरहून परतताना नाशिकच्या गंगापूर रोडवर गाडी तापली आणि नेहमीप्रमाणे बंद पडली. किका मारून घामाघूम झालो असतानाच जावावरून जाणारे एक अनोळखी काका आपणहून थांबले. त्यांनी इंजिनाचे उजवे झाकण काढले, मला किक मारायला लावली आणि पॉइंटमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कात, उडणारी मोठी, निळसर ठिणगी पाहून म्हणाले, "ही ठिणगी आवरणारा कंडेन्सर गेलाय, कार्ब्युरेटरला उगाच दोष देताय." (तो कार्ब्युरेटर मी तीनदा उघडला होता, हे त्यांना सांगण्याचे धाडस झाले नाही.) मग त्यांनी साइडबॉक्समधून जुन्या रुमालात गुंडाळलेला कंडेन्सर काढून बसवला आणि फीलर गेजने पॉइंटचे अंतर ०.४ मिलिमीटरला जुळवले. गाडी दुसऱ्या किकेला सुरू झाली, आणि किकेची तीच दांडी पुढे वळवून पहिला गिअर टाकताना दोन्ही सायलेन्सरांतून आलेला धूर मला चक्क आवडला.

पैशांचे नाव काढताच काका रागावले. अंबडच्या एका लेथवाल्याचा नंबर मात्र देऊन गेले आणि जाता जाता म्हणाले, "जास्तीची क्लच केबल असेल तर सांभाळून ठेवा." संध्याकाळी माळा धुंडाळला, दोन निघाल्या.