यती हलतो की नाही

आमच्या घरात गेलं वर्षभर एक वाद चालू आहे आणि तो मिटायची काही चिन्हं नाहीत. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये ॲनिमल किंगडम नावाचं जे पार्क आहे, तिथल्या एक्सपिडिशन एव्हरेस्ट या राइडच्या शेवटी एक भला मोठा हिममानव येतो, यती. तर तो यती हलतो की नाही, हा वाद. बाबांचं म्हणणं, हलतो म्हणजे काय, हात काढून अंगावर येतो, टोपी गेली असती माझी. माझ्या सात वर्षांच्या लेकीचं म्हणणं, तो ढिम्म हलत नाही, नुसता उभा असतो आणि त्याच्यावर लाइट चमचम करतात. "आबा, तुम्ही घाबरून डोळे मिटले असणार."

दोघंही खरं बोलतायत.

बाबा तिथे फिरायला गेले ते २००६ च्या मे महिन्यात. मी एमएस संपवलं तेव्हा कॉन्व्होकेशनला आई-बाबा आले होते आणि इतक्या लांब आलोच आहोत तर म्हणून आम्ही ओर्लँडो करून टाकलं. ती राइड एप्रिलमध्येच सुरू झाली होती, म्हणजे अगदी नवी कोरी. ट्रेन डोंगर चढते, वर जाते तर पुढचा रूळ उखडलेला, मग अंधारात उलटी मागे येते आणि सगळ्यात शेवटी खाली झेपावताना डोक्यावर हा पंचवीस फुटी यती. त्याची रचनाच अशी केली होती की तो पाच फूट पुढे सरकून हात मारेल. पण काही महिन्यांतच ती यंत्रणा बंद पडली आणि मग त्यांनी काय केलं तर त्याच्यावर स्ट्रोब लाइट सोडले, म्हणजे उघडझाप होणाऱ्या उजेडात तो हलल्यासारखा वाटावा. डिस्नेवेडे लोक तेव्हापासून त्याला डिस्को यती म्हणतात! ज्यांनी ही राइड डिझाइन केली त्या जो रोड यांनी २०१३ मध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मी हा यती कधी ना कधी दुरुस्त करीन. अडचणही सांगितली, की ते अवाढव्य धूड एका उंच मनोऱ्यावर बसवलंय आणि भोवती सगळी इमारत बांधून झालीये. २०२१ च्या सुरुवातीला ते निवृत्त झाले. यती अजून डिस्कोच आहे.

हे सगळं माझ्या डोक्यात आलं कारण डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही परत गेलो, या वेळी मी, नवरा आणि लेक. परत आल्यावर जो तो विचारायचा कसं झालं, आणि मी दर वेळी तेच म्हणायचे, "छान होतं, पण पूर्वीसारखं नाही राहिलं गं." नवरा पहिल्यांदाच गेला होता, त्याला हे ऐकून दर वेळी राग यायचा. तो म्हणाला मला तर भारी वाटलं, तुझं पूर्वीसारखं म्हणजे नक्की काय ते तरी सांग एकदा. मला सांगता येईना. म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर रविवारी दुपारी मी झोपते.

पूर्वी म्हणजे कधीचं पूर्वी, इथूनच गोंधळ सुरू होतो. कॅलिफोर्नियातलं पहिलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं तो दिवस म्हणजे निव्वळ फजिती होती. खोटी तिकिटं छापून लोक घुसले, आमंत्रण होतं त्याच्या जवळपास दुप्पट गर्दी, रस्त्यांचं डांबर इतकं ताजं की बायकांच्या हाय हील्स त्यात रुतल्या. त्यात प्लंबरांचा संप झालेला, त्यामुळे संडास चालू करायचे की प्यायच्या पाण्याचे नळ यातलं एकच जमणार होतं, आणि वॉल्ट डिस्नेंनी संडास निवडले (बरोबरच आहे). लोक चिडले की कोल्ड्रिंक खपावं म्हणून पाणी बंद ठेवलंय. म्हणजे कंपनी पैशासाठी लुबाडते ही तक्रार पहिल्या दिवसापासूनची आहे, माझी काही नवी नाही.

आणि जे गेलं ते चांगलं होतं असं म्हणावं, तर तिथेही माझी पंचाईत. डिस्ने वर्ल्डमधल्याच मॅजिक किंगडम या पार्कात मिस्टर टोड नावाच्या गोष्टीतल्या बेडकाची एक राइड होती, ती सप्टेंबर १९९८ मध्ये बंद केली. लोकांनी ती वाचवायला हिरवे टीशर्ट घालून पार्कातच निदर्शनं केली होती, टोड-इन म्हणे. काही उपयोग झाला नाही, तिथे विनी द पूची राइड आली. आता माझ्या लेकीला विचाराल तर संपूर्ण डिस्ने वर्ल्डमध्ये एक नंबर काय, तर पू! तीनदा बसलो आम्ही. त्यात घुबडाच्या घराचा जो सीन आहे तिथे भिंतीवर एक छोटं चित्र टांगलंय, मिस्टर टोड घुबडाच्या हातात घराचे कागद देतोय. एका सेकंदात गाडी पुढे जाते. मी आधी वाचून ठेवलं होतं म्हणून दिसलं. मी "ते बघ, ते बघ" करतेय आणि लेकीला काही पत्ताच नाही, तिचं लक्ष वादळात हेलकावणाऱ्या गाडीकडे. तिच्या दृष्टीने इथे आधी काही नव्हतंच, आणि खरं सांगायचं तर टोडमध्ये मीसुद्धा कधी बसलेली नाही, मी उगाच दुसऱ्यांच्या आठवणींवर उसासे टाकत होते.

बरं, खरी घसरण म्हणजे काय असते तेही डिस्नेच्याच इतिहासात आहे आणि ती आठवणींबिठवणींची भानगड नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये खर्चाला कात्री लावायची लाट आली, रंगाचे पोपडे, जुनाट झालेलं लाकूड, जाणकार तेव्हा ओरडत होते. सप्टेंबर २००३ मध्ये तिथल्या बिग थंडर माउंटनच्या रोलर कोस्टरला अपघात झाला, एक तरुण गेला, दहा जण जखमी झाले, आणि चौकशीत निघालं ते चुकीचं मेंटेनन्स. त्यानंतर २००५ च्या पन्नासाव्या वाढदिवसाआधी सगळं पार्क घासूनपुसून, रंगवून परत उभं केलं. म्हणजे पार्क खाली जातं तसं वरही येतं. या हिशोबाने बघायला गेलं तर २०२४ मध्ये माझ्या डोळ्यांना काय दिसलं? रस्ते चकाचक, कास्ट मेंबर (तिथे स्टाफला हेच म्हणतात) गोड, नव्या राइड्स तर अशा की २००६ च्या राइड्स त्यांच्यापुढे जत्रेतल्या वाटाव्यात. एक यती सोडला तर तक्रार करायला जागा नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते कारण त्यावर सगळेच बोलतात. १९७१ मध्ये डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हा आत जायचे साडेतीन डॉलर, राइड्सची कुपनं वेगळी. २०२२ च्या नाताळात मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट १८९ डॉलरला गेलं. महागाई धरली तरी हा आकडा कुठल्या कुठे जातो. आणि आता तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, शाळेला सुट्टी असते तेव्हा जास्त, म्हणजे ज्यांना पोरं आहेत त्यांनाच. असो.

पण मला जे टोचत होतं ते पैसे नव्हते, हे मला इथपर्यंत लिहिल्यावर कळलं. ते होतं रांगेचं आणि फोनचं.

२००६ मध्ये फास्टपास होता. १९९९ ला सुरू झालेला, फुकट. राइडच्या बाहेर मशीन, त्यात तिकीट घातलं की एक चिठ्ठी येते, अमुक ते अमुक वेळेत या आणि छोट्या रांगेतून आत जा. बाबांनी त्या चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी घडी करून ठेवल्या होत्या आणि दर वीस मिनिटांनी काढून घड्याळाशी ताडून बघायचे, जणू रिझर्वेशनच आहे गाडीचं. चिठ्ठी एका वेळी एकच मिळायची, फार तर दोन, त्यामुळे मधला सगळा वेळ मोकळा. त्या मोकळ्या वेळातच मला वाटतं आमची ट्रिप झाली.

आताची पद्धत अशी की लायटनिंग लेन नावाचं प्रकरण आहे, म्हणजे तीच छोटी रांग, पण विकत घ्यायची, आणि डिस्नेच्या हॉटेलात राहत असाल तर सात दिवस आधी, बाहेर राहत असाल तर तीन दिवस आधी, सकाळी सातच्या ठोक्याला ॲप उघडून तीन राइड्सच्या वेळा पकडायच्या. मग पार्कात गेल्यावर एक वापरली की पुढची एक घ्यायची, ती वापरली की पुढची. सगळ्यात गाजलेल्या राइड्सचे पैसे पुन्हा वेगळे. आणि हे सगळं ज्यांना नको त्यांच्यासाठी २०२४ च्या ऑक्टोबरअखेर प्रीमियर पास आणला, कुठलीच वेळ न ठरवता आत, माणशी दिवसाला ४४९ डॉलरपर्यंत. म्हणजे फोनकडे न बघण्याचेही पैसे!

यातली खरी मेख अशी आहे की कुठल्याच पासमुळे राइडमधली एक खुर्चीसुद्धा वाढत नाही. समजा तासाला हजार माणसं बसू शकतात. आधी एकच रांग होती, लांब असेल, पण सरकत राहायची. आता त्यातल्या बऱ्याच जागा पासवाल्यांना जातात, त्यामुळे साध्या रांगेतला माणूस तिथल्या तिथे पाय बदलत उभा. आणि पासवाले त्या वेळात कुठे असतात? रस्त्यावर. म्हणून रस्ते भरलेले. रांग कमी झाली नाही, ती फक्त पार्कभर पसरली. आणि हे काही आताचं नाही, १९९९ पासूनचंच आहे, म्हणजे बाबांच्या खिशातल्या त्या चिठ्ठ्याही त्याच दुखण्याची सुरुवात होत्या. माझा जो सुवर्णकाळ तो कुणाच्या तरी मते तेव्हाच वाट लागल्याचा काळ असणार.

आता कबूल करते. मी एक्सेल शीट केली होती. रंग दिले होते, पिवळा म्हणजे बुक झालंय, लाल म्हणजे पळत जायचं. नवरा म्हणाला आपण ऑफिसला चाललोय का. पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता माझा फोन बारा टक्क्यांवर आला आणि पॉवर बँक मी हॉटेलात विसरले होते, आणि तेव्हा माझी जी अवस्था झाली ती बघून लेक म्हणाली, "आई, तुला घरी जायचंय का?" मग आम्ही चार्जिंगसाठी एक कोपरा शोधला आणि पाऊण तास तिथे भिंतीला टेकून बसलो. लेकीने त्या वेळात बदकं मोजली. ट्रिपमधला सगळ्यात बरा फोटो त्या कोपऱ्यातला आहे.

आता आईचं.

२००६ मध्ये आईला राइड्समध्ये काडीचा रस नव्हता. पण मॅजिक किंगडममध्ये एक नदी होती, रिव्हर्स ऑफ अमेरिका, टॉम सॉयर बेटाला वळसा घालणारी, आणि त्यात एक मोठी पांढरी वाफेची बोट, लिबर्टी बेल. बोट पाण्याखालच्या रुळावरून चालायची, पण इंजिन खरं वाफेचंच. वीस मिनिटंही लागत नसतील एका फेरीला. काही घडायचं नाही त्यात. कुणी अंगावर येत नाही, कुणी पाणी उडवत नाही, काठावर एखाददुसरा पुतळा आणि झाडी, बस. आई वरच्या मजल्यावर कठड्याशी जाऊन बसली, चपला काढल्या, पाय वर घेतले आणि म्हणाली, "तुम्ही या फिरून, मी आहे इथे." तिने तीन फेऱ्या मारल्या. आम्ही हाँटेड मॅन्शन करून आलो तर ही वरून हात हलवतेय, शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईशी गप्पा चालू, आईला इंग्रजी जेमतेम, त्या बाईला मराठी शून्य, तरी दोघींना एकमेकींच्या नातवंडांबद्दल सगळं माहीत. आईला तेव्हा नातवंडं नव्हती, हे मी नंतर विचारलं. म्हणाली होतील की.

२०२४ मध्ये त्या बोटीसमोरून आम्ही किमान चारदा गेलो. लेकीने विचारलंही, "यात बसायचं?" मी शीट बघितली आणि म्हटलं नंतर, याला बुकिंग लागत नाही, हे कधीही होईल. चारही वेळा हेच. तेव्हा कारची नवी राइड येणार आहे वगैरे बातम्या येऊन गेल्या होत्या, मला माहीतही होतं, तरी डोक्यात आलंच नाही. जुलै २०२५ मध्ये ती नदी, ते बेट आणि ती बोट तिघांनाही कायमचं बंद केलं, त्या जागेवर गाड्यांच्या राइड्स बांधतायत. होतील त्याही छान, शंका नाही. आणखी दहा वर्षांनी कुणाची तरी पोरगी म्हणेल हीच एक नंबर.

हे लिहिता लिहिता आईला फोन केला. म्हटलं तुझी ती बोट गेली गं, नदीच बुजवली. आई दोन सेकंद गप्प. मागून बाबांचा आवाज, यतीचं विचार तिला, यतीचं काय झालं. आईने त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाली, "मग आता तिथे बसायचं कुठे?"