ट्युलिपला वास नाही, मग एवढं कौतुक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. नेदरलँड्समध्ये हार्लेमला राहते म्हटल्यावर एप्रिलमध्ये येणारे पाहुणे हे विचारतातच, की याला ना वास, ना देवाला वाहायचं ना केसात माळायचं, आठवड्यात गळून जातं, मग लोक एवढे वेडे का होतात? मोगरा-निशिगंधात वाढलेल्या माणसाला असं वाटणारच. (वास अगदीच नसतो असं नाही हां, नारिंगी बॅलेरिनाला छान गोडसर वास येतो.)

मला विचाराल तर हे फूल एक दिवस सारखं राहत नाही, म्हणून ते आवडतं. कापून पाण्यात ठेवलं तरी दांडा वाढतच राहतो, उजेडाकडे वळतो, ऊब मिळाली की फूल उघडतं, गारठा पडला की मिटतं. सोमवारी आणलेली घट्ट मिटलेली जुडी गुरुवारी टेबलभर वाकडीतिकडी पसरलेली असते आणि तेव्हा कुठे आतला तळाचा काळा-निळा डाग आणि गडद पुंकेसर दिसतात. माझ्या मते तेव्हाच ते सगळ्यात सुंदर दिसतं, आणि लोक नेमकं तेव्हाच फेकून देतात!

आणि ते मूळचं हॉलंडचं नाहीच मुळी. तिएन शान, पामीर, कझाकस्तानातले डोंगर हे त्याचं माहेर. तिथे हिवाळ्यात जमीन गोठलेली, उन्हाळा रखरखीत, मधे फुलायला मिळतात जेमतेम काही आठवडे, म्हणून सगळी तयारी आधीच कंदात करून ठेवायची. शरद ऋतूत कंद उभा चिरून बघा, मधोमध इवलंसं फूल तयार असतं, पाकळ्या-पुंकेसरासकट. फक्त दांडा वर यायला दोन-तीन महिने चांगली थंडी लागते, म्हणून पुण्यात कुंडीत लावून येत नाही आणि श्रीनगरला जबरवान डोंगराच्या पायथ्याशी मस्त येतं.

माणसांनी यात हात घातला तो आधी तुर्कांनी. इस्तंबूलला सुईसारख्या टोकदार, लांब पाकळ्यांची फुलं आवडायची, तिसऱ्या अहमद सुलतानाचा 1718 ते 1730 हा काळ तर ट्युलिपच्याच नावाने ओळखला जातो. डचांना गोल पेल्यासारखी आवडली. क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ 1593 मध्ये हॉलंडातल्या लायडनला आला, त्याने तिथल्या बागेत कंद लावले, पुढे कंदांचे भाव वेड्यासारखे चढत गेले आणि 1637 च्या फेब्रुवारीत आमच्या हार्लेममध्येच ते कोसळले. अख्खा देश बुडाला वगैरे मात्र फुगवलेलं आहे.

त्या वेड्या भावांमागचं कारण मला जास्त भारी वाटतं. सगळ्यात महाग होती ती पांढऱ्यावर लाल ज्वाळा उठलेली फुलं, आणि साध्या एकरंगी कंदाला एखाद्या वर्षी अचानक अशा ज्वाळा का येतात हे कुणालाच कळत नव्हतं. 1928 मध्ये इंग्लंडात डोरोथी केली यांनी दाखवलं की हा संसर्ग आहे. व्हायरस असतो, तो मावा ही कीड पसरवते, वरचा रंग कुठे दाबला जातो कुठे साठतो आणि खालचा पांढरा-पिवळा उघडा पडतो. पण रोगट कंदाला पिल्लं, म्हणजे बाजूला येणारे छोटे कंद, कमी फुटतात, म्हणून तो दुर्मिळ, म्हणून महाग. आज दुकानात मिळणारे पट्टेवाले बहुतेक निरोगी असतात, त्यांचे पट्टे दरवर्षी तसेच येतात.

आता झिरमिळ्यांचे पॅरट, झालरवाले असे कितीतरी गट आहेत, जवळजवळ काळी क्वीन ऑफ नाइट ही जातही आहे. केऊकेनहॉफच्या मोठ्या बागेत सत्तर लाख कंद लावतात, ते बघाच. पण लिमेनला हॉर्टस बल्बोरम म्हणून जुन्या जातींची बाग आहे, तिथे 1620 ची झोमरस्खोन आहे. साय रंगावर स्ट्रॉबेरीसारख्या लाल ज्वाळा, दोन पाकळ्या एकसारख्या नाहीत. बियांपासून लावलं तर तेच फूल मिळत नाही, त्यामुळे चारशे वर्षं कुणी ना कुणी दरवर्षी पिल्लं वेगळी करून पुन्हा लावत आलंय, तेही रोगट कंदाची. एप्रिलमध्ये आलात तर मी तिथे घेऊन जाईन.