११८ चं कोडं सुटलं: आठ वर्कर, एक ओळ आणि जुनी हार्ड डिस्क

मंडळी, सापडलं एकदाचं! मागच्या अपडेटमधलं आठवत असेल, गच्चीवरच्या चार सेन्सरचा तीन वर्षांचा डेटा, जवळजवळ ६३ लाख ओळी, पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या, महिन्यावारी पार्टिशन केलेल्या (तुकडे पाडलेल्या) नव्या टेबलात भरतोय आणि वेग सेकंदाला ११८ ओळींच्या वर हलतच नाही. या हिशोबाने १५ तास. तीन रविवार त्यातच गेले.

वर्कर (एकाच वेळी ओळी भरणारी कनेक्शन) दोन ठेवले तरी ११७, आठ ठेवले तरी ११८. शेअर्ड बफर्स (डेटाबेसची कॅश मेमरी) वाढवले, इंडेक्स काढून पाहिले, काही फरक नाही. सीपीयू निवांत. एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी चालवून वेळ दाखवणारी कमांड) करून पाहिलं तर इन्सर्ट ट्रिगरसकट (त्याच्याबरोबर आपोआप चालणाऱ्या कोडसकट) ०.४ मिलीसेकंदात संपतोय, मग उरलेला वेळ जातो कुठे? इथे मी बराच अडकलो, कारण एक्सप्लेन ॲनालाइझ कमिटचा (बदल कायमचा नोंदवण्याचा) वेळ मोजतच नाही, कमिट त्याच्यानंतर होतो. क्वेरीचा प्लॅन स्वच्छ आणि तरी सगळं हळू, असं दिसलं की प्लॅन बाजूला ठेवून सरळ वेट (कोण कशासाठी थांबलंय) बघायला घ्या, हे आता मी ठामपणे सांगेन.

मग पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीवर (चालू कनेक्शन दाखवणारा व्ह्यू) वेट_इव्हेंट_टाइप आणि वेट_इव्हेंट काढणारी छोटी क्वेरी लिहिली, क्लायंटरीड गाळून टाकला (तो नुसता क्लायंटची वाट बघणं असतो, आपल्या कामाचा नाही) आणि वॉच लावून दर सेकंदाला बघत बसलो. स्क्रीनवर आठ ओळी. एक वॉलसिंक (वॉल, म्हणजे बदलांचा लॉग, डिस्कवर पक्का होण्याची वाट), एक लॉक-ट्रान्झॅक्शनआयडी (दुसऱ्याचं ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट), सहा लॉक-टपल (ओळीच्या लॉकच्या रांगेत). पुढच्या सेकंदाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच, फक्त पीआयडी (प्रोसेसचे नंबर) बदललेले. एक, एक, सहा!

नुसती बेरीज केली असती तर म्हटलं असतं लॉकचा प्रॉब्लेम आहे, आठातले सात लॉकवर आहेत. पण पीजी_ब्लॉकिंग_पिड्सने (कोणाला कोणी अडवलंय ते सांगणारं फंक्शन) मागे मागे गेलो तर रांगेच्या तोंडाशी दरवेळी तोच एक, वॉलसिंकवाला. डॅशबोर्डवर एकूण नोंदींचा आकडा दिसावा म्हणून मी एक ट्रिगर लावला होता, प्रत्येक इन्सर्टला एकाच ओळीतला आकडा १ ने वाढवणारा. त्या ओळीचं लॉक कमिट पूर्ण होईपर्यंत सुटत नाही आणि कमिट डिस्कवर फ्लश झाल्याशिवाय पूर्ण होत नाही. मागचा एकजण त्या ट्रान्झॅक्शनची वाट बघतो, बाकीचे सहा त्याच्या मागे टपल लॉकवर.

आणि ११८ च का, ते रात्री भांडी आवरताना डोक्यात आलं. एसएसडीची झीज वाचवायची म्हणून वॉल मी जुन्या ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवर हलवला होता. ७२०० भागिले ६० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या! लॉगमध्ये पुढचं लिहायला दरवेळी तबकडीची एक फेरी लागते, म्हणजे एका फेरीत एक कमिट, आणि मी दर ओळीला एक कमिट करत होतो. पीजी_टेस्ट_एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहिण्याचा वेग मोजणारं टूल) चालवलं तर एफडेटासिंकला सेकंदाला ११९ आला. तो आकडा बघून जो आनंद झाला तो शब्दात सांगता येत नाही.

पोस्टग्रेस एरवी एका फ्लशमध्ये बऱ्याच जणांचे कमिट उरकतं, पण इथे बाकीचे कमिटपर्यंत पोचतच नव्हते, एका ओळीवर अडकलेले. म्हणून वर्कर वाढवून उपयोग शून्य. ट्रिगर बंद केला, डिस्क तीच, आठ वर्कर, आणि वेग थेट ४७०. म्हणजे फेरीला चारेक कमिट. वेटही बदलले, एक वॉलसिंकवर आणि काहीजण वॉलराइटच्या हलक्या लॉकवर (लॉग लिहायची पाळी येण्याची वाट). मग १००० ओळींना एक कमिट केला आणि अख्खी ट्रायल साडेसहा मिनिटांत आटोपली.

सिंक्रोनस_कमिट ऑफ करूनही (म्हणजे कमिटने फ्लशची वाट न बघताही) झालं असतं, त्यात लाइट गेली तर शेवटचे काही क्षण हरवतात पण डेटाबेस शाबूत राहतो. एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहायला लावणं) ऑफ मात्र कोणी कितीही सांगितलं तरी करू नका, त्यात डेटाबेसच बिघडू शकतो.

येत्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन वॉलसाठी वेगळा एसएसडी आणणार होतो, पॉवर लॉस प्रोटेक्शनवालाच (लाइट गेली तरी लिहिलेलं न हरवणारा). खोक्यावर वाचायचा वेग मोठ्या अक्षरात असतो, एफसिंकचा आकडा कोणी छापत नाही, म्हणून घ्यायच्या आधी विचारा. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. ट्रिगर काढायची गरजच नाही, तो स्टेटमेंट लेव्हलचा (ओळीमागे नव्हे, इन्सर्टमागे एकदा चालणारा) करायचा, व्हर्जन १० पासून ट्रान्झिशन टेबल (त्या इन्सर्टमधल्या नव्या ओळींची तात्पुरती टेबल) मिळतात, नव्या ओळी मोजून आकडा एकदाच वाढवायचा. १००० ओळींच्या एका इन्सर्टमागे त्या ओळीला एकच धक्का. रांग लागेल, पण फेरीला १००० ओळी जाणार असतील तर लागू दे. खरेदी तूर्त रद्द.

आणि दर सेकंदाला वॉच लावणं पुरे झालं, पीजी_वेट_सॅम्पलिंग हे एक्सटेन्शन टाकलंय. ते दर १० मिलीसेकंदाला नमुना घेतं आणि बेरीज ठेवतं, शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये घालून एकदा रीस्टार्ट करावं लागतं एवढंच. प्रत्येक ट्रायलच्या आधी प्रोफाइल (जमलेली बेरीज) रीसेट करायला विसरू नका, नाहीतर कालचे वेट आजच्यात मिसळतात. आज रात्री नवा ट्रिगर लावून ६३ लाख ओळी पुन्हा पहिल्यापासून भरतोय, एक-एक-सहाच्या जागी काय येतं ते उद्या टाकतो.