हजार सीसीत तुळजापूर घाट

सोलापुरात नवी गाडी घेतली की लोक पेढा तोंडात जायच्या आधीच विचारतात, "किती देऊलाली बे?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. रंग कुठला, एअरबॅग किती, हे सगळं नंतर. माझ्याकडे सध्या तीन सिलिंडरची, हजार सीसीला एक कमी असलेली टर्बो पेट्रोल गाडी आहे आणि या प्रश्नाचं मला अजून सरळ उत्तर देता आलेलं नाही. खरं सांगायचं तर उत्तर उजव्या पायावर आहे, पण असं म्हटलं की समोरच्याला वाटतं हा लपवूलालाय.

बाबांचा तर सीसीवरच आक्षेप होता. त्यांच्या काळात आमच्या घरी पद्मिनी होती, 1089 सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, आणि तुळजापूरला निघायचं म्हणजे डिकीत पाण्याचा कॅन ठेवल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर पडायची नाही, घाट चढला की बॉनेट उघडं आणि सगळं कुटुंब कडेला उभं. त्यामुळे "हजार सीसीत ही एवढी उंच गाडी, पाच माणसं, वर एसी?" ही त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. अंबॅसडरला दीड लिटर लागायचे आणि तरी ती रखडायची. आता फोक्सवॅगनचं 999 सीसीचं टीएसआय हे टर्बो इंजिन घ्या, 115 हॉर्सपॉवर आणि 178 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, तोही 1750 आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या आसपासच हातात येतो. होंडा सिटीचं दीड लिटरचं साधं, म्हणजे टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन 145 न्यूटन मीटर देतं आणि त्यासाठी 4300 पर्यंत पिळावं लागतं. ते इंजिन पिळायला मजा येते हा भाग वेगळा, पण घाटात मागे सासूबाई बसलेल्या असताना कोण पिळणार.

हे होतं कसं हे बाबांना समजावताना शेवटी कारखानाच मदतीला आला. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने कमी नाहीत, आणि रस काढून झाल्यावर उरलेली चिपाडं कारखाना टाकून देत नाही, ती बॉयलरमध्ये जातात, वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि त्यावर कारखाना चालतो. गाडीतही हेच. पेट्रोल जळून काम झाल्यावर जो तापलेला धूर सायलेन्सरकडे निघालेला असतो त्याला वाटेत एका छोट्या टर्बाइनवरून नेतात, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणजे लहान इंजिन गरजेपुरतं मोठं होतं. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने याचं पेटंट 1905 सालीच घेतलं होतं. बाबा म्हणाले, "मग इतकी वर्षं काय करूलालते?" तर ट्रकच्या डिझेल इंजिनात हे कधीचंच आहे, पेट्रोलची अडचण वेगळी, दाबलेली तापलेली हवा आणि पेट्रोल एकत्र आलं की ते ठिणगीची वाट न बघता आपल्या मनानेच पेटतं, इंजिन खडखडतं आणि पिस्टनची वाट लागते. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आला, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायची सोय झाली, क्षणाक्षणाला ठिणगीची वेळ बदलणारा कॉम्प्युटर आला, तेव्हा कुठे हे घरच्या गाडीत नीट बसलं. आपल्याकडे 2013 साली फोर्डची इकोस्पोर्ट आली तिच्यात हजार सीसीचं इकोबूस्ट नावाचं टर्बो इंजिन होतं, तेव्हा बघणाऱ्यांना ती चैन वाटली. नंतर नेक्सॉन, व्हेन्यू, मॅग्नाइट, फ्रॉन्क्स, आता कुठलंही पार्किंग बघा.

पण आपल्याकडे ही इंजिनं इतकी वाढली त्यामागे निसर्गप्रेम वगैरे फारसं नाही, टॅक्स आहे. 2006 च्या बजेटपासून चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर 1200 सीसीच्या आतली गाडी म्हणजे छोटी गाडी, तिला कर कमी. म्हणून व्हेन्यू आणि नेक्सॉन दोघींची लांबी 3995 मिलिमीटर, आणि म्हणूनच 1199 किंवा 998 असे काठावरचे सीसी. सप्टेंबर 2025 पासून तर छोटीला 18 टक्के जीएसटी आणि बाकीच्यांना 40, म्हणजे काठाला अजूनच किंमत आली. दिसायला जीप हवी, कर छोट्या गाडीचा हवा आणि दम मोठ्या इंजिनाचा हवा, या तिन्ही हट्टांना एकदम पुरून उरणारी दुसरी वस्तू नव्हती. (चार मीटरच्या वरच्या टायगनमध्येही हजार सीसी असतं, तिथे कराचा फायदा नाही, तरी घालतात, कारण चालतं.)

आता त्या अॅव्हरेजकडे येतो. सपाट रस्त्यावर ऐंशीने जायला पंधराएक हॉर्सपॉवरच्या वर काही लागत नाही. मोठं इंजिन तेवढ्यासाठी अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, श्वास ओढत बसतं, त्यात पेट्रोल वाया जातं, लहान इंजिनाचं तेवढं जात नाही. म्हणून मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत पुण्याला निवांत गेलो की आकडा बघून मीच खूश. कंपनीचा जाहीर आकडाही अशाच शांत चालीचा असतो, चाचणीत रोलरवर गाडी हळूहळू पळवतात, टर्बोला काही काम नसतं. पण तोच मी अक्कलकोट रोडला उशीर झालाय म्हणून दाबत निघालो की हवा कोंबली जाते, हवेच्या मागे पेट्रोल जातं, वर आतलं तापमान आवरायला कॉम्प्युटर अजून थोडं जास्तीचं सोडतो, आणि मग ती मोठ्या इंजिनापेक्षाही जास्त पिते. दम हवा तर दम घ्या, मायलेज हवं तर मायलेज घ्या. ही गाडी दोन्ही देते, एका वेळी एकच देते, आणि सेल्समन हे कधीच सांगत नाही.

गाळपाच्या दिवसांत पंढरपूर रोडला दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढे आला की दुसरी गंमत कळते. मागे रिफ्लेक्टर नाही, टेप फुल आवाजात, ड्रायव्हर आपल्याच नादात, आपण चौथ्यात, आरपीएमचा काटा पंधराशेच्या खाली. ओव्हरटेकला पाय दाबावा तर क्षणभर काहीच नाही, धूर कमी म्हणून टर्बाइन सुस्त, आणि मग एकदम मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. त्या क्षणात समोरून एसटी येत असेल तर विठ्ठलाचं नाव इथेच घ्यावं लागतं. उपाय सोपा आहे, आधीच एक गिअर खाली टाकायचा. नवी पेठेत गर्दीत दुसऱ्या गिअरवर रांगतानाही ती अशीच मेंगळट वाटते, तिथे दोष देऊन उपयोग नाही, तिथे सगळेच रांगतात.

मे महिन्याचं तर विचारूच नका. बाहेर 43, रस्ता तव्यासारखा, टर्बो हवा दाबताना ती आणखी तापवतो आणि इंटरकूलरला थंड करायला मिळते तीच 43 ची हवा, मग खडखड नको म्हणून कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि दम उतरतो. दुपारी दोनची गाडी आणि पहाटे पाचची गाडी एकच आहे यावर विश्वास बसत नाही. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणून अॅव्हरेजच्या नावाने सगळे ओरडतात, पण ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याचा गुण, जास्त असल्यामुळे ते सहसा खडखडत नाही आणि टर्बोला ते मानवतं, हे कुणी बोलत नाही. शिवाय आपलाच ऊस, ओरडायचं तरी कुणावर.

अशोक चौकाकडचे आमचे गॅरेजवाले वस्ताद मात्र या इंजिनांवर नाराज आहेत. पूर्वी आवाज ऐकून रोग सांगायचे, आता आधी स्कॅनर लावावा लागतो. त्यांचा सल्ला एकच, आणि तो मी पाळतो: ऑइल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेलंच, आणि घाट चढून वर गेल्या गेल्या चावी फिरवायची नाही, अर्धा मिनिट तशीच चालू ठेवायची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. तो तापलेला असताना ऑइल बंद झालं तर ते तिथेच जळून चिकटतं. नव्या गाड्यांत कूलंटची सोय असते, तरी वस्तादांचं म्हणणं, "अर्धा मिनिट थांबायला काय पैसे पडतेत का?"

परवा शेजारच्या काकांनी विचारलं, घेऊ का टर्बो? रोज जुळे सोलापूर ते पार्क चौक एवढंच जाणं-येणं असेल तर साधं इंजिन घ्या, पैसे वाचतील, असं सांगितलं. पण महिन्याला तुळजापूर-पुणे होत असेल तर घ्या, फक्त टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला सात रस्त्याला एक चक्कर मारून परत आणतो तसं आणू देऊ नका, काकूंना आणि दोन्ही पोरांना बसवा, एसी फुल करा आणि दुपारी दोन वाजता घाटाकडे न्यायला सांगा. काकांनी शोरूमला फोन लावला तर तिथलं पोरगं म्हणालं, "सर, दुपारी नको, सकाळी या ना."