शाफ्ट नवा, दोष जुन्या रबराचा

गॅरेजात लिफ्टखाली उभं राहून काम होतं. घरी मात्र घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवलेल्या गाडीखाली पाठीवर सरपटत शिरावं लागतं. माझ्या जुन्या रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीला बाजारातला एकसंध ॲल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, बसवत होतो. मूळचा लोखंडी, दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. जुना योक, म्हणजे शाफ्टचं गिअरबॉक्सात शिरणारं तोंड, ओढला की गिअरबॉक्सच्या शेपटातून ऑइल येतं, म्हणून खाली ट्रे ठेवला. मागच्या चाकांमधल्या डिफरेन्शियलची फ्लँज, म्हणजे शाफ्ट कसायची चकती, तारेच्या ब्रशने लख्ख केली, कारण तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तरी शाफ्ट मधोमध बसत नाही. बोल्ट नवे, टॉर्क रेंचने कसलेले.

तरी ताशी 80 ला गाडी घुमायला लागली.

“उस्ताद, शाफ्टचं बॅलन्सिंगच गेलंय, परत पाठवा,” हाताखालचा पोरगा म्हणाला. नव्या शाफ्टवर हा आळ सर्रास येतो आणि चांगला माल उगाच परत जातो. मला पटेना. आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप मोबाइलवर लावून त्याला शेजारी बसवलं. 80 ला चाकाचे सेकंदाला साधारण 11.7 फेरे, डिफरेन्शियलचं गुणोत्तर 3.9, म्हणजे शाफ्टचे जवळपास 46. वजन एका अंगाला असतं तर ॲपच्या आलेखाचं टोक 46 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 46 झटक्यांवर, आलं असतं. आलं 91 ला. एका फेऱ्यात दोन झटके! पण चौथा गिअर एकास एक, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात, त्यामुळे चार सिलिंडरच्या इंजिनाचा सूरही नेमका तिथेच लागतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल केली. इंजिन मंदावलं, टोक जागचं हललं नाही.

म्हणजे इंजिन सुटलं. मग दोष क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या पुढच्या-मागच्या वाकत्या सांध्यांच्या, कोनांचा. क्रॉस वाकून फिरला की शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा चढतो-उतरतो. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच ती चढउतार पुढे मिटते. गाडीचं वजन चाकांवर ठेवून कोन मोजले, कारण चाकं लोंबकळत असताना मोजलेला कोन खोटा. पुढचा अडीच अंशांच्या वर, मागचा दीडच्या जरा पुढे. गिअरबॉक्सचं माउंट, म्हणजे त्याला खालून धरणारा रबरी आधार, चाचपलं, तर रबर चेपून सेंटिमीटरभर खाली बसलेलं. जुन्या शाफ्टच्या सेंटर बेअरिंगच्या रबराने इतकी वर्षं हे पोटात घातलं होतं.

नवं माउंट घातलं. दोन्ही कोन दीडच्या आसपास आले, फरक अर्ध्या अंशाच्या आत. 80 ला ते टोक बाकीच्या आवाजात बुडून गेलं. थोडं चालवून झालं की फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपासायचे आहेत; ते काम पोराने मागून घेतलंय.